नर्सबाईचा नवरा

माझे आजोबा इंग्रज होते. आमच्या चिपळूणच्या आळीत हे सरळ कुणी बोलत नसे. "हिची आजी बाहरीनला होती ना, साहेबाकडे," एवढंच म्हणायचे आणि गप्प व्हायचे. आजी तिथे इस्पितळात नर्स होती. तिने चर्चमध्ये रीतसर लग्न केलं होतं. आई दोन वर्षांची असताना आजोबा तापाने गेले आणि आजी लेकीला घेऊन गावी परतली. पण लग्नाचा कागद पुराच्या पाण्यात गेला, पुढे आजीही गेली, आणि ते "साहेबाकडे" तेवढं राहिलं. पंच्याहत्तरीतही आईला ते टोचायचं.

मी शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी त्या लग्नाची नोंद शोधायला मी बाहरीन गाठलं. आमच्या शाळेतल्या उर्दूच्या बाई मूळच्या महाडच्या, त्यांची बहीण तिथेच जिदहफ्स गावात राहते. "हॉटेलात उतरलात तर ती मला आयुष्यभर बोलेल," असं म्हणून त्यांनीच सगळं ठरवून टाकलं होतं.

त्या बहिणीने, म्हणजे भाभींनी, दारातच माझ्या हातातली बॅग काढून घेतली. मी चर्चचा पत्ता विचारू लागले, तर म्हणाल्या, "ताई, आधी जेवा. तुमचे आजोबा कुठं पळून चाललेत?" तांदळाची भाकरी आणि हामूर माशाचं कालवण. पहिल्या घासालाच आपण परक्या मुलखात आहोत हे मी विसरले. त्यांच्या दहावीतल्या मुलीने मला आपली खोली दिली आणि स्वतः हॉलमध्ये गादी टाकली. माझं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

भाभींचे यजमान, त्यांना मी भाईजान म्हणत असे, हिद्दच्या बंदराजवळ एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी माझ्यासाठी शिफ्ट बदलून घेतली आणि मला मनामाच्या एका जुन्या चर्चमध्ये नेलं. तिथला कारकून म्हणाला, जुनी रजिस्टरं आहेत, पण यादी वगैरे मफी, काही नाही. पाहिजे तर बसा आणि शोधा.

आम्ही बसलो. दोन दिवस मी आणि भाईजान पानं उलटत होतो. शाई फिकी झालेली आणि अक्षर वळणावळणाचं. माझे डोळे चुरचुरू लागले. तिसऱ्या दिवशी ती मुलगी आपणहून बरोबर आली. तिला ते अक्षर आमच्यापेक्षा बरं लागत होतं. तासाभराने तिचं बोट एका ओळीवर थांबलं आणि पहिल्यांदाच ती माझ्याशी मराठीत बोलली.

"मावशी, ही सही मराठीत आहे."

नवरा, इंजिन फिटर. नवरी, नर्स. आजोबांची सही लपेटदार इंग्रजी, आणि तिच्याशेजारी आजीने देवनागरीत, शिरोरेघ ओढून, आपलं पूर्ण नाव लिहिलेलं. सगळ्या पानावर मराठी अक्षरं तेवढीच. आजीला इंग्रजी उत्तम येत होतं. तरी तिने सही अशी केली. मला रडू आलं नाही. मी खुर्चीत ताठ बसले, एवढं आठवतं.

आजोबांची कबर मात्र सापडली नाही. दफनभूमीतल्या जुन्या दगडांवरची अक्षरं खाऱ्या वाऱ्याने झिजून गेली होती.

मी परत निघायच्या आदल्या दिवशी भाईजान कामावरून घाईघाईने आले. त्यांनी कारखान्यात ही हकिकत सांगितली होती, आणि हिद्दच्याच एका सहकाऱ्याने म्हटलं होतं की त्याची आजी एका हिंदुस्थानी नर्सबद्दल नेहमी बोलते. "यल्ला, चला," म्हणत त्यांनी आम्हाला गाडीत बसवलं.

ती आजी नव्वदीच्या घरात. भाभींची अर्धी हयात बाहरीनमध्ये गेलेली, त्यामुळे त्या तिचं अरबी मला मराठीत आणि माझं तिला अरबीत सांगत होत्या. म्हातारी म्हणाली, "माझा धाकटा भाऊ जन्मताना आडवा आला होता. घरच्यांनी आशा सोडली होती. ती नर्स आली, पदर कमरेला खोचला आणि आम्हा पोरींना बाहेर घालवलं. भाऊ जगला. त्याला आज नातवंडं आहेत."

"आणि तिचा नवरा?" मी विचारलं. "तो इंग्रज?"

म्हातारीने हात उडवला. "हां, तो! नर्सबाईचा नवरा. तिला लाँचने घेऊन यायचा आणि तिचं काम होईपर्यंत आमच्या ओट्यावर तिची औषधांची पेटी सांभाळत बसायचा. त्याचं नाव कुणाला ठाऊक? आम्ही सगळे त्याला नर्सबाईचा नवराच म्हणायचो."

भाभी सांगता सांगता हसायला लागल्या आणि माझी मान आपोआप वर झाली. आमच्या आळीने आजीला साहेबाची करून टाकलं होतं. इथे साहेब आजीचा होता.

तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारीने फोन डोळ्यांजवळ नेला, आईकडे निरखून पाहिलं आणि तिच्या कपाळावरून हात फिरवावा तसा काचेवरून बोट फिरवलं. मग मी आईला सगळं सांगितलं. रजिस्टर, सही, लाँच, पेटी. सांगून होतं न होतं तोच आई उठली आणि पडद्यावर नुसतं छत दिसू लागलं.

"आई, ऐकू येतंय ना?"

"येतंय," आई म्हणाली. "थांब जरा. शेजारणींना हाक मारते. त्या आल्या की पहिल्यापासून सांग, आणि मोठ्याने सांग."