शेजारणीचा नगरसेवक नवरा

तो माणूस मला पहिल्याच भेटीत आवडला नाही, आणि पुढेही त्याने तशी वेळ येऊ दिली नाही.

जपानमध्ये, टोकियोजवळच्या उरायासुला आमच्या भिंतीला भिंत लागून एक तैवानी बाई राहायची. टोकियोतल्या कोतो भागात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तीन वर्षं पार्टटाइम राबून ती त्या वर्षी कुठे कायम झाली होती. नवरा तिकडे तैवानमध्ये, एका शहरात नगरसेवक. दोन-तीन महिन्यांनी चार दिवस यायचा. पहिल्यांदा मी दार उघडलं तर अंगात बिनबाह्यांचं जाकीट आणि छातीवर स्वतःचंच नाव भरतकाम केलेलं. विमानातून तसाच आला होता. माझा हात दोन्ही हातांत धरून त्याने टिश्यूचं एक पाकीट दिलं. त्यावर त्याचा हसरा फोटो आणि निवडणुकीतला नंबर. आमचं मत तिकडे नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं, पण हाताला सवय. माझ्या नवऱ्याने त्या टिश्यूने चष्मा पुसला. मी मुद्दाम नाक पुसलं.

त्याची कारकीर्द मला तिच्याकडून कळली, माझ्या मोडक्या आणि तिच्या नेटक्या जपानीत. कॉलेज संपल्यावर तो एका जुन्या नगरसेवकाची गाडी चालवायचा. तिकडे नगरसेवकाने वॉर्डातल्या लग्नाला जायचं असतं आणि मयतीला तर जायलाच हवं. हा ते गाडी चालवता चालवता शिकला. पहिली निवडणूक हरला, मग दोनदा जिंकला. एका दिवसात चार मयती आणि दोन लग्नं उरकायचा, टाय गाडीत बदलायचा. लोकांची गटारं त्याने साफ करून दिली, गल्लीत दिवे लावून दिले, हेही खरं. कबूल करताना माझ्या जिवावर येतं.

तिचे वडील गेले तेव्हाही तो आला. फोटोपुढे तीनदा वाकला, मग घरच्यांच्या रांगेपुढून गेला. रांगेत ती उभी होती. तिच्यापुढेही तो तसाच वाकला आणि म्हणाला, "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे." स्वतःच्या बायकोला! मग घड्याळ बघून पुढच्या मयतीला निघून गेला. हे सांगताना ती हसली होती. मला हसू आलं नाही.

गेल्या निवडणुकीच्या आधी विरोधकांनी ओरड सुरू केली की याची बायको जपानमध्ये राहते, याचं आपल्या शहरावर कसलं प्रेम? लगेच हा हजर. त्याचं म्हणणं, शेवटचे दहा दिवस तिने त्याच्या शेजारी प्रचाराच्या ट्रकवर उभं राहायचं, आणि अखेरच्या संध्याकाळी गुडघे टेकून लोकांकडे मतं मागायची. तिकडे बायका तसं करतात म्हणे. तिने साफ नकार दिला. नवी नोकरी, ड्रॉइंग द्यायची तारीख जवळ आलेली. मला म्हणाली, "एकदा गेले की तो मला परत सोडणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो अननसाच्या केकचा डबा घेऊन माझ्या दारात. इंग्रजीत म्हणाला, "ती तुमचं ऐकते. फक्त दहा दिवस. तुम्ही सांगून बघा."

मी त्याच्या तोंडावर दार आपटायला हवं होतं. त्याऐवजी मी तिला चहाला बोलावलं आणि सांगितलं, "जाऊन ये गं. दहाच तर दिवस. संसार म्हटला की थोडं नमतं घ्यावं लागतं." मुंबईची बँकेतली नोकरी सोडून नवऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टमागे जपानला यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी मला हेच ऐकवलं होतं. मी तेच तिच्या गळ्यात बांधलं. खरं सांगायचं तर रोज सकाळी ड्रॉइंगची नळी खांद्याला लावून स्टेशनकडे निघालेली ती बघून माझा जळफळाट व्हायचा.

ती गेली. त्याच्या पेजवर मी व्हिडिओ पाहिला. नवऱ्याच्या नावाचं जाकीट घालून ती ट्रकवर गुडघे टेकून बसली होती, आणि तो शेजारी माइकवर ओरडत होता. तो जिंकला. दहा दिवसांचे वीस झाले, मग महिना. तिच्या ऑफिसातून तिच्या टेबलावरचं सामान एका खोक्यात भरून आलं, आणि तिचा फ्लॅट बंद म्हणून आमच्याकडे दिलं गेलं. मी तिला तसं कळवलं, तर उत्तर आलं, "राहू दे तुझ्याकडेच. आज माझ्या तीन मयती झाल्या."

फ्लॅट रिकामा करायला तो एकटाच आला. मी सकाळपासून शिव्या जुळवत बसले होते, अस्सल मराठीतल्या. त्याला कळल्या नसत्या तरी देणारच होते. बेल वाजली. तेच जाकीट. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाला, "तुमच्यामुळेच ती आली. आभारी आहे," आणि कमरेत वाकला.

दहा वर्षं झाली मला इथे. समोरचा वाकला की आपण वाकायचं, हे अंगात भिनलंय. मीही वाकले, त्याच्याहून खाली.