पाणी खाली जाता कामा नये

माझ्या वडिलांनी पंचाहत्तरी उलटल्यावर मारामारी सुरू केली. त्याआधी त्यांनी कुणाला साधी चापट मारल्याचं मला आठवत नाही. लहानपणी मी एवढे उद्योग केले, पण मार पडला तो आईचा. आणि सुरुवात केली तीसुद्धा भुरटी नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी आईच्या कपाळावर पाण्याने भरलेला तांब्या घातला. कपाळ फुटलं. तीन टाके पडले आणि आईने सोसायटीत सांगितलं, माळ्यावरून डबा पडला.

त्यानंतर आमच्या माळ्यावरून बरंच काही पडत राहिलं. कधी तिचा डोळा काळा-निळा, कधी मनगट सुजलेलं. मोलकरीण एक दिवस ओरडत जिना उतरली ती परत आली नाही, तिची चप्पल अजून आमच्याकडे आहे. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंश आहे, मेंदू झिजत चाललाय, काही जण असे अंगावर येतात. बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत जन्मभर बॉयलरवर होते. व्हॉल्व्ह फिरवून फिरवून मनगटं अशी झालेली, की मेंदू झिजला तरी ती काही झिजली नव्हती.

ते दोघं बदलापूरला, शिरगावात राहतात. मी उल्हासनगरला. तिथे माझं ड्रेपरीचं दुकान आहे, म्हणजे शाळांच्या गॅदरिंगला आणि हौशी नाटकांना मी कपडे भाड्याने देतो. राजे, राक्षस, इन्स्पेक्टर, सगळे माझ्याकडे हँगरवर लटकलेले असतात. दर रविवारी मी बदलापूरला जायचो, आईच्या जखमा मोजायचो आणि भांडण काढायचो. जांभूळच्या बाजूला मी एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता.

"मी जिवंत असेपर्यंत नाही," आई म्हणायची.

"तेवढंच बाकी आहे. एक दिवस मारून टाकतील तुला."

"मग ने त्यांना जांभूळला."

अशा बाईशी वाद कसा घालणार? मला साक्षीदार हवा होता. तो मिळाला एका मुलीच्या रूपाने. म्हातारपण, मनाची उदासी आणि मेंदूचे आजार यांवर एक संशोधन चाललं होतं, त्यासाठी ती घरोघर म्हाताऱ्यांना भेटत होती. मी तिला आग्रहाने बोलावलं. माझा बेत साधा होता. तिने पाहावं, घाबरावं, आणि शिकलेल्या माणसाच्या अधिकाराने आईला सांगावं की हा माणूस घरात ठेवण्याजोगा नाही.

ती आली, खुर्ची ओढून बाबांसमोर बसली. बाबा स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसले होते. तीच त्यांची जागा. तिथून हलवलं की मारामारी.

"आजोबा, आज वार कोणता?"

"वार काय विचारतेस, पाळी विचार," बाबा म्हणाले. मग तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळून विचारलं, "तुझी पाळी कधी?"

मुलगी कानापर्यंत लाल झाली. पेन हातातच राहिलं. मला हसू आवरेना, मी खिडकीकडे तोंड केलं.

"शिफ्ट विचारतायत गं," आई आतून म्हणाली. "जनरल सांग आणि सुट."

"जनरल," ती म्हणाली.

"ऑफिसवाली," बाबा तुच्छतेने म्हणाले आणि पुन्हा आत बघू लागले.

पुढची दहा मिनिटं बाबा इतके सभ्य वागले की मला संताप आला. रविवारी माझ्या अंगावर चमचे फेकणारा माणूस हाच का? साक्षीदार समोर आणि आरोपी झोपाळू. मी म्हणालो, "आई, तिला पाणी तरी विचार."

"तिला नकोय."

"विचारलंस का?"

"नको म्हणतेय ना ती."

ती काहीच म्हणाली नव्हती. पाहुणा घरात आणि आई पाणी विचारत नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी उठलो. स्वयंपाकघरात भिंतीवर वॉटर प्युरिफायर आहे, पुढून पारदर्शक, आत किती पाणी उरलंय ते दिसतं. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मीच घेऊन दिलेला, आणि त्याचं कौतुक मी दर भेटीत वसूल करत असे. पेला धरला, नळ सोडला. आत एक बुडबुडा गुडगुडत वर आला आणि पाण्याची रेघ खाली सरकली.

ज्या माणसाला खुर्चीतून उठवायला दोघं लागतात, तो माझ्या पाठीवर कधी आला ते मला कळलं नाही. कळला तो पितळी बत्ता, खांद्याच्या हाडावर. पेला ओट्यावर फुटला. मी वळलो तर त्यांनी माझा गळा धरला आणि डोकं मांडणीवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. वरून ताटल्या कोसळल्या. नाकातून रक्त आलं, डोळ्यांपुढे काजवे. हौशी नाटकांत स्टेजवर मी पुष्कळदा मेलोय, पण तिथे समोरचा थोडं सांभाळून घेतो. माझे स्वतःचे बाबा माझा श्वास दाबत होते आणि घशातल्या घशात, अगदी कसलेल्या कामगारासारखे, घोगऱ्या आवाजात म्हणत होते, "पाणी खाली गेलं. पाणी खाली गेलं. सगळे मरतील, हरामखोरा."

मग आई आली. घाईत नाही. तिने लाटणं उचललं, बाबांच्या गुडघ्याच्या मागे एक घातलं, मनगटावर दोन. बरोबर जागेवर. त्यांचा हात सुटला आणि ते खाली बसले. तिने लाटणं धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं.

"चहा ठेवू?" तिने मुलीला विचारलं.

मी फरशीवर बसून रक्त पुसत होतो. बाबांची पँट वर सरकली होती आणि पोटऱ्यांवर जुने-नवे वळ होते. ते धडपडतात म्हणून लागतं, असं आई मला सांगायची. माझा साक्षीदार दारात उभा होता आणि खटला उलटला होता.

"आजी, हे तुम्ही नेहमी..."

"मारते. ते मारतात, मीही मारते. लिही. आता तर ते मारायच्या आधीच मारते कधीकधी."

मुलगी काही लिहिना. ती बाबांशेजारी खाली बसली, काचा चुकवून. "आजोबा, गळा धरला तेव्हा दुसऱ्या हाताने काय करत होतात?"

मला ते दिसलंच नव्हतं. तिला दिसलं होतं. एका हाताने माझा गळा आणि दुसऱ्या हाताने ते प्युरिफायरचा नळ बंद करत होते.

"बंद नको करायला?" बाबा म्हणाले. "काचेतलं पाणी बघ किती खाली गेलंय. बॉयलर उडेल."

बॉयलरला पुढे एक काच असते. तिच्यात पाण्याची पातळी दिसते. ती खाली गेली की बॉयलर फुटतो आणि शेडमधली माणसं उकडून मरतात. जन्मभर त्या काचेकडे बघत बसलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरात मी हौसेने दुसरी काच टांगली होती. आई तांब्या भरायला जायची तेव्हा ती सगळ्यांच्या जिवावर उठलेली असायची. अंघोळीला उठवलं, तर जागा सोडायला लावायची. आणि जागा सोडायची नाही, रिलीव्हर येईपर्यंत. रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येऊन चार्ज घेतो तेव्हाच आधीचा सुटतो.

मुलगी आता आईकडे वळली. तिला काही वेगळंच विचारायचं होतं. "आजी, उदास वाटतं का? काही करू नये असं वाटतं?"

"उदास व्हायला बसावं लागतं जरा."

"आजी, खरं सांगा."

आईने चहाखालचा गॅस बंद केला. "यांना विचार, रिलीव्हर नाही आला तर काय करतात."

"डबल मारायची, पुढची पाळीही आपणच," बाबा मनगट चोळत म्हणाले. "जागा सोडायची नाही."

"मी डबलवर डबल मारतेय पोरी. आणि हा," तिने माझ्याकडे न बघता मान हलवली, "रविवारी इन्स्पेक्शनला येतो. परवा लाटणं मारताना वाटलं, थांबूच नये. मारतच जावं. आणि मग आपणही जिना उतरावा, रुळांकडे जावं आणि संपवावं."

मुलीने कागद बाजूला ठेवले आणि आईचा हात धरला. निघताना ती मला जिन्यात म्हणाली, "काका, तुम्ही मला चुकीच्या पेशंटसाठी बोलावलंत. आम्हाला पुष्कळ घरांत दिसतं, आजारी माणसाआधी सांभाळणारं माणूस कोसळतं. आजींना उद्याच डॉक्टरांकडे न्या. उद्याच."

नेलं. गोळ्या सुरू झाल्या. प्युरिफायर मी उपटून काढला, पाणी माठात गेलं. बाबांनी दोन दिवस भिंतीतल्या भोकांकडे पाहिलं आणि मग त्यांना वॉशिंग मशीनची गोल काच सापडली. आईचा परकर आत गरगरत असताना पाणी खाली गेलं आणि त्यांनी माझा अंगठा मोडला.

म्हणजे काच काढून भागणार नव्हतं. रिलीव्हर हवा होता. आणि वेष पालटायचा म्हटल्यावर आम्ही मागे राहतो होय? दुकानातली उत्तम खाकी चढवून, टोपी घालून मी दुपारी हजर झालो. बाबांना वाटलं, स्फोट झाला आणि पोलीस आले. त्यांनी खुर्ची उचलली. पोटात बसली. पुढे आठवडाभर मी वाकून चालत होतो, गिऱ्हाइकांना वाटायचं किती हा नम्र.

"कंपनीचा शर्ट निळा होता, मूर्खा," आई म्हणाली.

आता दुपारनंतर दुकान बायको बघते. मी निळा शर्ट आणि हेल्मेट घालून शिरगावला जातो आणि दारातूनच म्हणतो, "सेकंड शिफ्ट. चार्ज द्या." बाबा मशीनच्या काचेकडे एकदा बघतात, म्हणतात, "प्रेशर ठीक आहे, पाणी बघ," आणि उठतात. आपणहून. अंघोळ करतात, जेवतात, झोपतात. आई चप्पल घालून कुळगावला बहिणीकडे जाते, रात्रीच्या जेवणापर्यंत. जांभूळचा विषय मी काढत नाही. उद्या कदाचित काढावा लागेल. बाबा दिवसेंदिवस जास्त विसरतायत, एक दिवस चार्ज द्यायचंही विसरतील.

काल अंबरनाथला रस्ता खोदलेला, मला उशीर झाला. दार उघडलं तर आई चप्पल घालून उभी आणि बाबा तिच्या पुढे. मी "सेकंड शिफ्ट" म्हणायच्या आत माझ्या कानाखाली अशी बसली की हेल्मेट जिन्यावरून खाली गेलं.

"लेट," बाबा म्हणाले. "माणूस डबल मारून मरतोय इथे."

आई माझ्या बाजूने बाहेर पडली, दोन पायऱ्या उतरली आणि वळली.

"अहो," ती म्हणाली, "आणखी एक द्या त्याला. माझ्याकडून."

आणि त्यांनी दिली.