निगेटिव्हवर पुसलेला तीळ

ताईच्या उजव्या गालावर जन्मापासून तीळ होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तो वाढायला लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या. असा तीळ कॅन्सरचा असू शकतो, असं सांगून नागपूरच्या डॉक्टरांनी बाबांना बजावलं की दर तीन महिन्यांनी गालाचा जवळून फोटो काढा, तिळाशेजारी मोजपट्टी धरा आणि पोस्टानं पाठवा. वाढला असेल तर लगेच कापू. इतकं साधं काम आमच्या घराला जमलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

आदिलाबादच्या स्टुडिओत बाबांनी मोजपट्टीचं नावच काढलं नाही. लग्नाच्या पोरीला असला आजार आहे, हे फोटोवाल्याला सांगायचं कसं? मुधोळच्या नातेवाइकांपर्यंत बोभाटा झाला असता. म्हणून "स्थळासाठी पाहिजे, जवळून काढा," एवढंच सांगून मोकळे झाले. तीन महिन्यांनी दुसरा फोटो काढतानाही तेच. डॉक्टरांचं पत्र आलं, फोटोत तीळ फिका दिसतो, काळजी नको. पट्टी कुठं आहे, हे त्या शहाण्या माणसानंही विचारलं नाही. घरात आनंदीआनंद झाला.

मी तेव्हा निर्मलला वसतिगृहात राहून शिकत होते. सुट्टीत घरी आले, तर तीळ बोराएवढा झालेला आणि तोंड धुताना त्यातून रक्त येत होतं. मी ओरडले. आईनं पेटीतून पत्र आणि फोटोची घरी ठेवलेली प्रत काढून माझ्यापुढं धरली.

"डॉक्टरपेक्षा तुले जास्त समजते का?" ती म्हणाली.

फोटोतला गाल खरंच स्वच्छ होता, तिळाच्या जागी फिकट डाग तेवढा. तोच घेऊन मी स्टुडिओ गाठला. फोटोवाल्यानं कौतुकानं निगेटिव्ह उजेडात धरली.

"तीळ होता ना. पन स्थळाच्या फोटोत कोन ठेवते? निगेटिव्हवर तीळ पांढरा दिसते, त्याच्यावर बारीक पेन्सिल फिरवली, पाहा फोटोत कसा साफ निंगाला."

लग्नाच्या प्रत्येक मुलीचा चेहरा तो असाच साफ करून द्यायचा. त्यावर काय चिडणार? तो त्याचा धंदा नीट करत होता. चिडायचं होतं ते घरच्यांवर, आणि मी मनसोक्त चिडले. दुसऱ्याच दिवशी ताईला घेऊन आम्ही नागपूरला गेलो.

गालाचा मोठा भाग कापला, मानेतली गाठही काढली. वेळेवर आला असतात तर दोन टाक्यांत भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ताई वाचली, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं ते कायमचं.

दवाखान्यात बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, सगळा घात त्या फोटोवाल्यानं केला. तीन दिवस ताईनं ते ऐकलं. चौथ्या दिवशी, टाके ताणत असताना, ती हळूहळू बोलली.

"त्यानं फोटोतला पुसला, बाबा. मी तं घरीच होती. रोज तुमाले ताट वाढत होती. माह्या तोंडाकडं काऊन नाई पाह्यलं तुमी?"