एक कोटी एकचा आहेर

माझ्या भाचीच्या बारशाला मी एक कोटी एक डॉलरचा आहेर केला. (त्यातला एकच डॉलर अमेरिकेचा होता.)

बाकीचे कोटी झिम्बाब्वेचे, म्हणजे टेंडाईचे. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी आमच्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. त्याच्या देशात तेव्हा महागाई इतकी भडकली होती, की सरकारनं घाईघाईत तात्पुरत्या नोटा छापल्या आणि त्यांवर औषधाच्या बाटलीसारखी मुदतही घातली. टेंडाईची आई शाळेत शिक्षिका होती. रिटायर झाल्यावर तिच्या पहिल्या पेन्शनची ही एक नोट आली. तिच्यात पावही येईना, म्हणून तिनं ती पत्रातून लेकाला पाठवली.

"दोन दिवस दे ना, ताईकडे धमाल येईल," मी म्हणालो.

"जपशील ना? आईची आहे."

"अरे, एक कोटी कोण हरवतं?"

नोटेवर शकुनाचा एक डॉलर चिकटवला आणि पाकिटावर लिहिलं, 'मामाकडून एक कोटी. हसण्यावारी नेऊ नये.' शिकागोजवळ नेपरव्हिलला ताईच्या हॉलमध्ये लोक पोट धरधरून हसले. मी तर हवेतच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना नोट मागायला गेलो. पाकिटं ताईच्या सासूबाईंनी आवरली होती.

"काकू, ती मोठी नोट कुठंय?"

"टाकली. जूनमध्येच एक्स्पायर झालेली. तारीख उलटलेलं दहीसुद्धा मी घरात ठेवत नाही. तुझा डॉलर ठेवलाय हो."

मी गॅरेजमधल्या कचऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. मागून काकू म्हणाल्या, "तिथं काय शोधतोस? कागद निळ्या डब्यात टाकायचा असतो, एवढं शिकलेय मी."

निळा डबा रिकामा होता. गाडी येऊन गेली होती! श्रीखंडानं माखलेल्या हातांनी मी रस्त्याच्या टोकापर्यंत पळालो आणि तसाच परत आलो. काकूंना काय बोलणार? अक्कल माझीच गहाण पडलेली. नऊ तास ड्राइव्ह करताना माफीची वाक्यं जुळवत होतो, एकही धड जमलं नाही.

टेंडाईनं सगळं ऐकून घेतलं. नेटवरून तशीच दुसरी मागवतो म्हटलं, तर नको म्हणाला. मग त्यानं विचारलं, "लोक हसले का?"

"खूप."

"बरं झालं. तिच्या पेन्शनमधून निदान काहीतरी आलं."

मला रडूच फुटलं. आजही आठवलं की लाज वाटते. आमच्या घराण्यात फालतू कोट्या करणारे पुष्कळ झाले; पण एका कोटीपायी दुसऱ्याच्या आईचे एक कोटी घालवणारा मीच पहिला.