तिच्या वळणाची निब

आमच्या घरात पेन कोणाला द्यायचे नाही, असा माझ्या पत्नीचा नियम होता, आणि तो तिच्या एकाच पेनापुरता होता. तपकिरी रंगाचे, ड्रॉपरने शाई भरायचे ते साधे पेन. टोपणाची पट्टी आमच्या लग्नाआधीच कधीतरी तुटलेली. ती जळगावला मुलींच्या शाळेत शिकवीत असे. वर्गातल्या वह्या असोत की वाण्याची यादी, सारे ती त्याच पेनाने लिही. शेजारच्या बाईंनी मागितले की हसून म्हणे, "दागिना मागा, देते. पेन दिलं की निब फिरते." बोलणे थट्टेचे असले तरी खोटे नव्हते. एकाच हातात वर्षानुवर्षे घासली की निबेला त्या हाताचा कल येतो. दुसऱ्या हाताला ती मग साथ देत नाही.

ती गेली तेव्हा आमची मुलगी सहा वर्षांची होती. माझ्या सासूबाई, ज्यांना सारे अक्का म्हणत, तिला धुळ्याला घेऊन गेल्या. मी दिवसभर शाळेत शिकवणार आणि संध्याकाळी एका खोलीत परतणार. त्या खोलीत मुलीला कोण सांभाळणार होते? मी पहिल्यापासून संकोची. मला भाऊ म्हणणाऱ्या, समोर बसलेल्या स्वतःच्या मुलीशीही काय बोलावे ते मला सुचत नसे. म्हणून दर आठवड्याला मी तिला एक कार्ड लिहू लागलो. सुरुवातीची कार्डे माझ्या टाकाने लिहिलेली होती. अक्का सांगत, पोरगी ती एकदा वाचते आणि खेळायला पळते.

एकदा टाक सापडेना, म्हणून मी पत्नीचे पेन उघडले. माझ्या सवयीने उभे धरले तर ते कागद खरवडू लागले, शाई उतरेना. जरा आडवे करून बाहेरच्या अंगाला कलते केले तेव्हा ते सुरळीत चालू लागले. मात्र तसे धरले की अक्षर माझे राहत नसे. ओळ किंचित पुढे झुके, उकारांच्या शेपट्या लांबत, काना वरून जाड सुरू होऊन खाली बारीक होई. मला वाटले, पेनाची खोड आहे.

पुढच्या सुट्टीत धुळ्याला गेलो तेव्हा अक्कांनी मला ओसरीवरच थांबवले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरगी म्हणते, आईचं पत्र आलं. मी म्हटलं, अगं, ते भाऊंनी पाठवलंय. तर म्हणते, मला माहीत आहे. लिहिलंय भाऊंनी, पण अक्षर आईचं आहे. उशाशी घेऊन झोपते. काय करू? समजावू का?"

"नको," मी म्हणालो.

त्यानंतर मुलीला मी दुसऱ्या कशाने लिहिले नाही. पेन शाळेत नेत नसे. कार्डाचा मजकूर तरी काय असे? आज थंडी आहे, गच्चीवर माकडे आली होती, अभ्यास कर. माझ्याजवळ याहून अधिक नव्हते. पण ते तिच्या आईच्या वळणाने जात होते, आणि तेवढ्यामुळे माझी मुलगी माझ्या पत्राची वाट पाहत होती.

एका शनिवारी पोस्टात कार्डावर पत्ता घालीत उभा होतो. शेजारी असोद्याचा एक वयस्क शेतकरी कसलेसे पार्सल सोडवायला आला होता. कारकुनाने अंगठ्यासाठी शाईची गादी पुढे केली, तशी त्याने ती मागे सारली.

"अंगठा नाही. सही येते मला," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "मास्तर, कलम द्या हो जरासं."

नाही म्हणायला जे लागते ते माझ्यात कधीच नव्हते. मी पेन दिले. त्याने ते मुठीत धरले आणि सारा खांदा लावून नाव लिहायला सुरुवात केली.

"अहो आबा," कारकून म्हणाला, "सही करताय की विहीर खणताय?"

रांगेतले सगळे हसले. तोही हसला. सही पुरी झाल्यावर तिच्याकडे त्याने जरा वेळ कौतुकाने पाहिले, पेन धोतराच्या सोग्याला पुसले आणि दोन्ही हातांनी मला परत केले. "हलकं आहे हो तुमचं कलम."

मी "हो" म्हणालो. निबेचे एक पाते वर वळले होते.

जळगावातल्या दुकानदाराने ते पाते चिमट्याने बसवून पाहिले, तर ते मोडलेच. नवी निब त्याच्याकडे होती, पण त्या पेनाच्या गळ्यात ती बसेना. "ही पेनं आता येत नाहीत, गुरुजी," तो म्हणाला. "बॉलपेन न्या. शाई नको, निब नको, भांडण नको." इतर दुकानांतही तेच ऐकले. त्या काळात मी मुलीला कार्ड पाठवले नाही. टाकाने लिहायला हात धजत नव्हता. तिसऱ्या आठवड्यात अक्कांचे कार्ड आले: पोरगी रोज पोस्टमनला विचारते, तब्येत बरी आहे ना?

दिवाळीच्या सुट्टीत मोडके पेन खिशात घालून मी धुळ्याची मोटार धरली. उतरल्यावर घरी न जाता आग्रा रोडवरची दुकाने पालथी घालू लागलो. एका म्हाताऱ्या दुकानदाराने माझे पेन उलटसुलट पाहिले, स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा खोका काढला आणि फुंकर मारून धूळ उडवली.

"एकच शे, मास्तर. बठ्ठा माल सरी गया."

सारा माल संपून उरलेले ते एकच; तेच पेन, तोच तपकिरी रंग, टोपणाला पट्टीसुद्धा शाबूत. मी कागदाच्या कपट्यावर 'श्री' काढून पाहिला. शाई इतकी मोकळी उतरली की माझे डोळे भरून आले. कसेही धरा, ते चालत होते. याचा अर्थ काय, हे त्या आनंदात माझ्या ध्यानात आले नाही.

घरी पोचताच मुलगी पुढ्यात येऊन बसली. "कार्ड का नाही पाठवलं?"

"पेन मोडलं होतं. आता मिळालं. बघ, तेच आहे."

"लिहून दाखवा."

मी पेन आडवे केले, बाहेरच्या अंगाला कलते केले आणि तिचे नाव लिहिले. ओळ पुढे झुकवली, उकाराची शेपटी लांबवली. तिने कागद उचलला, दारातल्या उजेडात धरला. मग परत माझ्यासमोर ठेवला.

"पेन तेच आहे," ती म्हणाली. "पण अक्षर तुमचं आहे, भाऊ. तुम्ही मुद्दाम तिरकं काढताय."

"ए, वडलांशी असं बोलतात का?" अक्का आतून ओरडल्या.

मुलगी रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आले असते. मी मोडके पेन काढून तिच्या हातावर ठेवले. तिने टोपण उघडून निब पाहिली, पुन्हा घट्ट लावले आणि पेन स्वतःच्या दप्तरात ठेवले. खेळायला निघताना उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "तुमचंच लिहा मग. चालेल."

नऊ वर्षांच्या मुलीने मला सांभाळून घेतले होते.

जळगावला परतल्यावर मी नव्या पेनाने पहिले कार्ड लिहिले. मुद्दाम काही करायचे नाही, एवढे ठरवले होते. पण हाताला तीन वर्षांची सवय होती. पहिल्या दोन ओळी आपोआप झुकल्या. त्यांत माझी पत्नी ओळखू येत होती. नवी निब मात्र हाताला कुठेही अडवीत नव्हती, आणि न अडवल्यामुळे हात हळूहळू आपल्या जुन्या जागी येत गेला. चौथ्या ओळीत उकार आखडले. थंडी पडू लागली आहे, असे लिहीपर्यंत काने सरळ उभे राहिले. कार्ड उलटून पत्ता घातला, तो सगळा माझ्या एकट्याच्या अक्षरात होता.

नवे कार्ड घेऊन पुन्हा लिहावे असे क्षणभर वाटले. मग होते तेच पोस्टाच्या पेटीत टाकून आलो.