अन्वरीची तेरातेजी

दुबईच्या देऱ्यातल्या कोकणी बायकांचं अन्वरीशिवाय पान हलत नसे. बाळाचं जावळ कधी काढायचं, मुलीला सासरी कोणत्या दिवशी पाठवायचं, गावाकडे जाणाऱ्या बोटीत पाय कधी ठेवायचा, सगळं तिला विचारून. तिचा बाप मुरूडजवळच्या एका लहानशा मशिदीत बांग द्यायचा आणि चांद बघायला खडकावर चढताना या पोरीला खांद्यावर बसवून न्यायचा. शिक्षण म्हणाल तर एवढंच. पण चांदाची तारीख एकदा तिच्या तोंडून गेली की ती पक्की.

तिचा नवरा मोहिद्दीन तेवढा हसायचा. तो एका व्यापाऱ्याच्या लाँचवर तांडेल होता. "मागच्या तेरातेजीत मी खोर फक्कान बंदरात जाऊन आलो," तो म्हणायचा. "समुद्राला कुणी सांगितलंच नव्हतं, तेरातेजी लागलीय म्हणून."

"सुखरूप आलात ते मी उशाशी अंडी-तेल ठेवलं होतं म्हणून," अन्वरी ऐकवायची.

तेरातेजी म्हणजे सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस. हे दिवस भारी. लग्नकार्य करायचं नाही, प्रवासाला निघायचं नाही. शेवटच्या रात्री उशाशी अंडी आणि तेल ठेवायचं, सकाळी ते गरिबाला द्यायचं, घुगऱ्या वाटायच्या, की सुटलो. अन्वरीचा यावर विश्वास होता का? तिच्या आईचा होता, आजीचा होता. घरात मीठ असतं तसा तो तिच्याकडेही होता. कधी आणला, कुणी आणला, विचारायची वेळच आली नव्हती.

ती वेळ पासष्ट साली आली.

तेव्हा ती खाडीपलीकडे, बर दुबईत, एका स्वीडिश इंजिनियरच्या बंगल्यात कामाला होती. साहेब खाडीतला गाळ उपसायच्या कामावर, दिवसभर बाहेर. मेमसाबचं नाव इंग्रिड, आणि सहा वर्षांची मुलगी लेना. मेमसाब दुपारभर स्वैपाकघरातच बसायची. अन्वरीच्या हातची कॉफी प्यायची आणि दुसरा कप अन्वरीसमोर सरकवायची. आधी अन्वरी तो कप ओट्याशी उभी राहून प्यायची. वर्षभरानं ती खुर्चीवर बसायला लागली. दोघींची भाषा म्हणजे थोडं हिंदी, थोडं इंग्रजी आणि उरलेले हातवारे. त्यात आया, सासवा, पोटदुखी, सगळं मावायचं.

मे महिन्यात मेमसाबनं टेबलावर नकाशा पसरला. सुट्टीत स्वीडनला जायचं होतं. पण साहेबांची रजा थोडी, आणि ती बहुतेक उत्तरेला त्यांच्या माणसांत जाणार. मेमसाबची आई मात्र दुसरीकडे, समुद्रातल्या एका बेटावर. गावाचं नाव विस्बी. सकाळच्या बोटीनं जायचं, दुपारभर आईजवळ राहायचं, रात्रीच्या बोटीनं परत. एक दिवस, बस.

"गावाभोवती कोट आहे," मेमसाब बोटानं गोल काढत म्हणाली. "दगडी. जूनमध्ये भिंतीभिंतीवर गुलाब चढतात. आईचं घर कोटाच्या दरवाजाजवळ."

"समुद्रात बेट, बेटावर कोट," अन्वरी म्हणाली. "म्हणजे आमचा जंजिराच की. फक्त गुलाब तुमचे."

मग दोघींनी मिळून तो एक दिवस रचायला घेतला. बोटीवर वारा लागेल म्हणून लेनाचा निळा स्वेटर. टोपलीत उकडलेली अंडी, पाव. म्हातारीला दात नाहीत म्हणून मऊ नानखटाई, ती अन्वरी करून देणार. तारीख ठरली नऊ जून.

"लवकर जायला हवं," मेमसाब नकाशाची घडी घालत म्हणाली. "आई विसरायला लागलीय. परवा कॉफीत मीठ घातलं म्हणे. माणसं अजून ओळखते. शेजारीण सांगते, अजून ओळखते तोवर ये."

हे अन्वरीनं ऐकलं होतं. नीट, समोर बसून, कॉफी पिताना ऐकलं होतं.

त्याच दिवसांत तिच्या मुलीचं, हमीदाचं लग्न ठरलं. मुलगा युनुस देऱ्यात कापडाच्या दुकानात होता, सरळ, कमी बोलणारा. त्याची आई रशीदा रत्नागिरीहून बोटीनं आली होती आणि सगळं बोलणं तिनं स्वतःकडे घेतलं होतं. तिनं अन्वरीच्या झावळ्यांच्या घराकडे वर-खाली पाहिलं.

"निकाह इथं?" ती म्हणाली. "मी गावाला काय सांगू, मुलाचं लग्न खजुराच्या पानांत लावलं?"

"इथं कशाला!" अन्वरी बोलून गेली. "मेमसाबचा बंगला आहे ना. मोठा व्हरांडा, विजेचे दिवे. मेमसाब स्वतः उभी असेल."

रशीदाचा चेहरा एकदम गोड झाला. "मग बाय, आधी नाही का सांगायचं?"

खोटं नव्हतं ते. हमीदाच्या लग्नाला आमचा व्हरांडा वापर, असं मेमसाब केव्हाच म्हणाली होती. अडचण तारखेची होती. मोहरम चालू होता, त्यात लग्न नाही. त्याला लागून तेरातेजी. म्हणजे लग्न जूनच्या मध्यानंतरच. आणि मेमसाब तर चार जूनला विमानात बसणार, बंगल्याला कंपनीचं कुलूप लागणार.

"दुसरी जागा बघू," मोहिद्दीन म्हणाला. "युसुफभाईंचं गोदाम आहे. झाडून घेऊ."

"गोदामात माझी पोर उभी करू? खजुराच्या पोत्यांत?"

"मग त्या बाईला सांग, थांब म्हणून. सरळ सांग."

सरळ सांगायला काय हरकत होती? पुढे अन्वरीनं हे स्वतःला कितीदा तरी विचारलं. मेमसाब कदाचित थांबलीही असती. पण मागितलं की समोरच्याला नाही म्हणता येतं. आणि दुसऱ्याच्या आईचा दिवस आपल्या मुलीसाठी मागायचा, तर तो तोंडानं मागावा लागतो. तेवढं तिच्याच्यानं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती लेनाच्या निळ्या स्वेटरचं बटण शिवत होती. सुई खाली ठेवत म्हणाली, "मेमसाब, नऊ तारखेला पाण्यावर जाऊ नका."

"का?"

तिनं तेरातेजी सांगितली. मेमसाब हसली. "पण तू तर रोज आब्र्यात बसून खाडी ओलांडतेस. तेव्हा नाही का तेरातेजी?"

"खाडी म्हणजे आमचं अंगण, मेमसाब. समुद्र वेगळा."

मेमसाब हसतच होती. तिथं अन्वरीनं थांबायला हवं होतं. "चार वर्षांपूर्वी इथून थोड्या अंतरावर बोट जळाली ना," ती म्हणाली. "किती माणसं गेली. ते असेच दिवस होते."

मेमसाबचं हसू थांबलं. त्या बोटीची गोष्ट दुबईत कुणाला माहीत नव्हती? दाराशी बाहुली घेऊन उभ्या लेनानं डोळे मोठे केले. "ममी, आवर बोट टू?"

तो महिना सफर नव्हता. शव्वाल होता. रमजान ईद होऊन थोडेच दिवस झाले होते. अन्वरीला ते चांगलं ठाऊक होतं. अख्ख्या देऱ्याला तारखा सांगणारी बाई ती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तारीख चुकीची सांगितली, आणि तीही चुकून नव्हे.

लेना दोन रात्री झोपेत रडली. तिसऱ्या दिवशी मेमसाब म्हणाली, "मूर्खपणा आहे, मला कळतं. पण पोर बोटीत पाय ठेवणार नाही. साहेब म्हणतात, दोन आठवड्यांनी जाऊ. आईला कळवते." मग तिचा चेहरा उजळला. "आणि बघ, हमीदाच्या लग्नाला मी असेन!"

"अल्लाची मेहेरबानी," अन्वरी म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

तेरातेजी सरली. अन्वरीनं उशाचं अंडी-तेल दान केलं, घुगऱ्या वाटल्या. लगेचच्या शुक्रवारी व्हरांड्यात निकाह झाला. विजेच्या दिव्यांची माळ, हिरवा फ्रॉक घातलेली मेमसाब, तिच्या शेजारी लाल ओढणीतली हमीदा. एका मल्याळी फोटोग्राफरनं फोटो काढला. रशीदा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "आमच्या विहीणबाईंचं घरच आहे म्हणा ना हे." अन्वरीनं बिर्याणीच्या डेगीवरचं झाकण काढलं आणि वाफ तोंडावर घेतली. डोळ्यांतून पाणी का येतंय, हे मग कुणी विचारलं नाही.

दोन दिवसांनी मेमसाब गेली. टोपलीत नानखटाई होती, आणि लग्नाच्या फोटोची एक प्रत.

मेमसाब परतली ती जुलैच्या घामात. दुपारी ती नेहमीच्या खुर्चीवर बसली. अन्वरीनं कॉफी ठेवली आणि न राहवून विचारलं, "आई कशी आहेत?"

"नानखटाई आवडली तिला." मेमसाबनं कप हातात घेतला. "मला ओळखलं नाही तिनं. म्हणाली, तुम्ही बोटीवरच्या का? समुद्र कसा होता आज? मग मी हमीदाच्या लग्नाचा फोटो दाखवला. त्यात तिनं मला ओळखलं. बोट ठेवून म्हणाली, ही माझी इंग्रिड, परदेशात असते, फार दिवसांत आली नाही. दुपारभर तो फोटो हातातून सोडला नाही. मी शेजारी बसले होते."

अन्वरी समोरची खुर्ची ओढून बसली.

"नऊ तारखेला तिनं टेबल मांडलं होतं, शेजारीण सांगत होती. तारीख बदलल्याचं दोनदा सांगितलं, तरी डोक्यात पहिलीच राहिली. चांगला फ्रॉक घालून उजेड जाईपर्यंत दाराशी बसली. त्या दिवशी तिला सगळं आठवत होतं. लेनाचं नावसुद्धा. नंतर मग हळूहळू..." मेमसाबनं हात उडवला. मग अन्वरीच्या मनगटावर ठेवला. "तुझी काय चूक? तू भल्यासाठीच सांगितलंस. त्या दिवशी पाण्यावर काय झालं असतं, कुणास ठाऊक."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. अन्वरीनं मनगट सोडवून घेतलं आणि उगाच ओटा पुसला.

"पुढच्या वर्षी ते दिवस कधी येतात?" मेमसाब उठली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिनं टेबलावर ठेवलं, पेन्सिल अन्वरीच्या हातात दिली. "मागच्या पानावर लिहून ठेव. म्हणजे ते टाळून मी तिकिटं काढीन. आता तुझ्याशिवाय समुद्रावर जायची नाही मी."

अन्वरी पेन्सिल धरून बसली. आज तारीख लिहिली की पुढच्या वर्षी पुन्हा लिहायची, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आणि तिकडे म्हातारी फोटोतल्या मुलीची वाट बघत बसणार. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"वर्षभर कशाला थांबता? लवकर जा, मेमसाब. कुठल्याही दिवशी जा."

"पण तूच तर..."

"बोट जळाली तो महिना सफर नव्हता. शव्वाल होता. मला माहीत होतं."

"मग?"

"हमीदाचं लग्न होतं."

मेमसाबनं कप बाजूला सरकवला. आवाज चढवला नाही. तिनं कॅलेंडर स्वतःकडे ओढलं, ऑक्टोबरचं पान उघडलं, एका तारखेभोवती गोल काढला. मग उठून किटलीत पाणी भरलं.

अन्वरी घाईनं उभी राहिली. "मी करते."

"नको," मेमसाब म्हणाली. "माझी मी करून घेईन."

तिनं फडताळातून कप काढला. एकच.

संध्याकाळी आब्र्यात देऱ्याची शहनाझ भेटली. मूळची हर्णैची, अन्वरीच्याच गल्लीत राहणारी. तिनं घाईघाईनं विचारलं, "अन्वरीआपा, बरं झालं भेटलीस. गावाला जायचंय. कोणत्या दिवशी निघू?"

पलीकडच्या काठावर दिवे लागत होते. अन्वरीनं चांदाकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

"आई आहे ना गो तुझी अजून?"

"आहे की. म्हणून तर."

"मग विचारतेस काय? पहिली बोट मिळेल तिनं जा."