आप्पांचं ‘घाबरू नकोस’

काल ऑफिसच्या आरोग्य तपासणीत दंडाला प्रेशरचा पट्टा आवळला गेला आणि त्या रबराच्या वासाने मी वीसेक वर्षं मागे, भाईंदर पश्चिमेच्या एका छोट्या दवाखान्यात जाऊन बसले.

घराण्यातल्या पहिल्या पदवीधर मुलीला, म्हणजे मला, नोकरी लागली होती. फक्त डॉक्टरांचा दाखला बाकी होता. आमच्या गावाहून, पेणकरपाड्याहून, वडील, आमचे आप्पा, इस्त्रीचा शर्ट घालून सोबत आले होते.

"या वयात एवढं प्रेशर?" डॉक्टर म्हणाले. "परत बघू."

"घाबरू नकोस हां, पोरी," आप्पा म्हणाले. "फार फार तर काय, नोकरी जाईल."

पारा आणखी चढला. तिसऱ्या वेळी आप्पा माझ्या कानाशी रामरक्षा पुटपुटू लागले, तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काका, जरा बाहेर बसा. हे औषध म्हणून सांगतोय."

मग त्यांनी मला गावच्या शाळेबद्दल विचारलं. चिंचेखाली भरणाऱ्या वर्गाचं सांगता सांगता पट्टा कधी आवळला, कधी सुटला, मला कळलंच नाही. प्रेशर अगदी नॉर्मल होतं.

दाखला घेऊन बाहेर आले तर आप्पा घामाघूम, आणि कंपाउंडर त्यांना वर्तमानपत्राने वारा घालतोय. तेव्हा मला त्यांची लाज वाटली होती. आज त्या घामाचीच आठवण येते.

डॉक्टरांनी त्यांचंही प्रेशर पाहिलं. माझ्यापेक्षा जास्त निघालं.

"काका, नोकरी नक्की लागलीय कोणाला?"

"आम्हाला," आप्पा म्हणाले.